कारणाचा रकाना

ही गोष्ट २०४३ सालची. रोहिणी आणि मृग ही दोन्ही नक्षत्रं कोरडी गेली आणि उड्डाणपुलावरच्या पातळ झालेल्या डांबरात लोकांच्या चपला रुतून राहिल्या, ते साल. एसीला नाडीपेटी बसवणं सक्तीचं होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि अकोल्यातली माणसं त्या पेटीच्या बोलण्याला रोजच्या पेपरइतकीच सरावली होती.

एकोणीस मेला सकाळी साडेसहाला टेलिफोन कॉलनीतल्या कुंदा गावंडे मागच्या अंगणात एसीच्या बाहेरच्या यंत्रावर ओलं गोणपाट पसरत होत्या. उन्हाळ्यात रोज सकाळी हे त्यांचं पहिलं काम. लहानपणी आई खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाण्याचे हबके मारायची. तो पडदा गेला, खिडकी गेली, पण उन्हाळ्यात काहीतरी ओलं टांगल्याशिवाय कुंदाताईंना चैन पडत नसे. गोणपाटानं यंत्राला आराम पडतो, विजेचं बिलही उतरतं, हे त्यांनीच कॉलनीला शिकवलं होतं. आता एकतीस घरांच्या मागे एकतीस गोणपाटं ठिबकत असत.

गोणपाटाचं टोक यंत्राच्या कडेला खोचलं, तोच तळहाताएवढी पांढरी पेटी बोलू लागली.

“नमस्कार. आपल्या यंत्राचा कॉम्प्रेसर अकरा दिवसांत बंद पडण्याची शक्यता ब्याण्णव टक्के आहे. पर्याय पहिला, गॅस भरणे, चौदा हजार रुपये, चाळीस मिनिटं. पर्याय दुसरा, कॉम्प्रेसर बदलणे, एक लाख आठ हजार रुपये, चार दिवस. पर्याय तिसरा, नवीन यंत्र. कृपया पर्याय निवडा.”

कुंदाताईंचं बोट सवयीनं पहिल्या पर्यायाकडे गेलं आणि तिथेच थांबलं. यंत्राच्या घरघरीखाली एक बारीक सूंऽऽ त्यांना ऐकू येत होता. महिन्याभरापूर्वी तो नव्हता.

त्यांचा कान साधा नव्हता. एकोणनव्वद साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाहेरगावचे कॉल जोडणाऱ्या ट्रंक ऑपरेटर म्हणून लागल्या. नुसत्या खडखडीवरून लाइन मूर्तिजापूरला अडकलीय की बडनेऱ्याला, ते त्या सांगत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी डोळे मंदावले होते, गुडघे कुरकुरत होते. कान मात्र शाबूत होता.

आत त्यांची धाकटी जाऊ शैला पलंगावर होती. आठ वर्षांपूर्वी स्कूटरच्या अपघातात शैलाच्या मानेचा मणका गेला. मानेखालचं अंग हलत नव्हतं, पण त्याहून वाईट म्हणजे त्या अंगाला घाम येत नव्हता. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, की यांचं शरीर आता स्वतःला गार करू शकत नाही, ते काम तुमच्या एसीचं. खोली तासभर तापली की शैलाला ताप चढे. गेल्या वर्षी सरकारी थंड दालनात आठ दिवस ठेवलं, तर पाठीला जखमा होऊन ती परत आली. दोघींचेही नवरे गेलेले, पोरं परमुलखात. त्या घरात आता दोन बाया आणि एक यंत्र एवढंच होतं, आणि त्या तिघांपैकी यंत्राला काही झालं तर शैला चार दिवस काढू शकणार नव्हती.

“काय म्हणते ते पेटी?” शैलानं आतून विचारलं.

“गॅस भरा म्हणते.”

“पुन्हा? एवढा गॅस त मीबी खात नाही.”

कुंदाताई हसल्या नाहीत. या उन्हाळ्यातली ही तिसरी खेप होती.

नईम मिस्त्री आठ वाजता आला. पासष्टीला टेकलेला, उंच, थोडा वाकलेला. त्याचे वडील कूलर बनवायचे; गावंडेंच्या मागच्या पडवीत गंजत पडलेला लोखंडी कूलर त्यांच्याच हातचा. नईम तरुण होता तेव्हा बंद यंत्राला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायचा आणि आतलं दुखणं सांगायचा. पण त्याच काळात असेही मिस्त्री होते, की चारशे रुपयांचा कपॅसिटर गेलेला असताना कॉम्प्रेसर जळाला म्हणून सांगत आणि जुनंच पुसून पुन्हा बसवत. घरोघरी फसलेली माणसं होती. म्हणून नाडीपेटी आली. ती यंत्राची धडधड रात्रंदिवस ऐके, लाखो यंत्रांच्या धडधडीशी ताडून पाही, आणि काय बिघडणार, किती खर्च येणार ते आधीच सांगे. पेटीच्या कागदाबाहेरचा एक स्क्रूही मिस्त्रीनं उघडायचा नाही, असा कायदा झाला. कॉलनीच्या सभेत त्या कायद्याला सगळ्यांत आधी हात वर करणाऱ्या कुंदाताईच होत्या.

नईम गॅसचं नळकांडं जोडायला वाकला, तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, की दर वेळी भरलेला हा गॅस जातो कुठे.

नईमनं हातातली नळी खाली ठेवली. “भाभी, गाडीतलं पेट्रोल संपतं तसा गॅस संपत नसतो. एकदा भरला की वीस वर्षं तोच फिरतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतो.”

“मग ते गळकं बंद करायचं सोडून तू भरत काहून राह्यला?”

“कागदावर भरायचंच लिहिलेलं असतं. गळती शोधायला पाच-सहा तास लागतात. पेटी स्वस्तातला, लवकरचा पर्याय वर टाकते, आणि माणसं वरचाच दाबतात.” मग तो म्हणाला, “मी चार वर्षं गळक्या बादलीत पाणी ओतलं भाभी. आणि दर वेळी पावती दिली.”

कुंदाताई पेटीपाशी गेल्या. गॅस का गळतो, असं त्यांनी तिला सरळ विचारलं.

“क्षमा करा,” पेटी म्हणाली. “अंदाजपत्रकात कारणाचा रकाना नाही.”

हे वाक्य, हा सूर, कुंदाताईंनी आधी ऐकला होता. तो त्यांचाच होता. नव्वद सालच्या उन्हाळ्यात धान्यबाजारातला एक माणूस एक्स्चेंजला लागूनच असलेल्या तार ऑफिसच्या बाकावर बसला होता. सुरतेच्या दवाखान्यात त्याचा भाऊ होता. त्यानं ट्रंक कॉल लावला होता. सुरतेची ऑपरेटर कुंदाताईंच्या कानात म्हणाली, तो पेशंट सकाळीच वारला, घरचे दवाखान्यात नाहीत, कॉल कोणाला जोडू? तारेवर ऐकलेलं ऑपरेटरनं कोणाला सांगायचं नाही, हा नियम होता. खिडकीतून कुंदाताई म्हणाल्या, लाइन मिळत नाही, थांबा. तो दोन तास थांबला. रात्रीच्या गाडीनं भावाकडे न्यायला घेतलेली संत्री त्यानं मांडीवर ठेवली होती आणि शेजारच्याला सांगत होता, की भाऊ बरा झाला की त्याला इकडे घेऊन येणार. त्रेपन्न वर्षं झाली, ती संत्री कुंदाताईंना अजून दिसत.

त्यामुळे त्यांना एक गोष्ट माहीत होती. ऑपरेटर कारण सांगत नाही, पण तिच्यासमोर नोंदवही असते.

“तुझी नोंद असंल न?” त्यांनी पेटीला विचारलं. “सहा वर्षांत काय काय ऐकलं, ते सांग.”

नईम चमकला. करारात मालकाला तसा हक्क आहे, पण आजवर कोणी मागितला नाही, असं तो पुटपुटला. पेटी त्याच गोड आवाजात वाचू लागली.

“आवाजांचे प्रकार सतरा. पहिला, कॉम्प्रेसर. दुसरा, पंखा. तिसरा, पक्षी. चौथा, बादली. पाचवा, ओलं कापड. सहावा, पाण्याचे थेंब, पाचशे अठ्ठ्याऐंशी सकाळी. सातवा, क्षार तडकण्याचा आवाज, सुरुवात मे २०३८. आठवा, गळती, सुरुवात तीन मे २०३९...”

कुंदाताईंनी पायाशी असलेल्या बादलीकडे पाहिलं.

अडतीस साल. त्याच वर्षी नळाचं गोडं पाणी तीन दिवसांआड दोन हंडे मिळू लागलं, आणि बाकी सगळ्याला बोअरचं पाणी वापरायचं ठरलं. पूर्णेकाठचा हा सगळा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्यानं भांड्यावर पांढरा थर चढतो, तुरीचं वरण शिजत नाही. पिण्याचं पाणी गोणपाटावर ओतण्याचा वेडेपणा कोण करील? त्यांनी बोअरचं ओतलं. कॉलनीनंही तेच ओतलं. गोणपाट तेच, हात तोच, फक्त पाणी बदललं होतं, आणि पाच उन्हाळे ते मीठ थेंबाथेंबानं तांब्याची नळी खात होतं. नईमनं गोणपाट उचललं. खालच्या जाळीवर पापडखारासारखा पांढरा थर होता.

“मीच केलं हे,” कुंदाताई म्हणाल्या.

पेटी अजून वाचतच होती. “...सोळावा, दार. सतरावा, खोलीतला श्वास. अंदाजपत्रकाशी संबंध नाही. बदल आढळला आहे. नोंद समाप्त.”

अंगणात नुसतं ऊन राहिलं. खोलीतला आवाज बाहेर कसा येईल, असं कुंदाताईंनी नईमला विचारलंसुद्धा नाही. आतून बाहेरपर्यंत तांब्याची अखंड नळी होती. तांब्यातून आवाज किती दूर जातो हे त्यांच्याइतकं त्या गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या पेटीकडे वळल्या. तोंड उघडलं.

“ताई,” खिडकीतून शैलाचा आवाज आला. तिनंही सगळं ऐकलं होतं. “नको विचारू. ते तिच्यापाशी राहू दे. पह्यले गळकं बंद करा.”

नईमनं यंत्राला हात लावून पाहिला. कमी गॅसवर चालून कॉम्प्रेसर भाजत होता. पुन्हा नुसता गॅस भरला तर महिनाही निघणार नाही, आणि पाऊस तर महिन्याच्या आत दिसत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. मधेच कॉम्प्रेसर जळाला की चार दिवस यंत्र बंद. त्यापेक्षा उद्या उजाडताच उघडायचं, भोकं शोधायची, झाळायची. सहा तास. पण ते सहा तास शैलाला गार ठेवायचं काय करायचं? शेजारी न्यावं तर तिथल्या यंत्रांचीही हीच रडकथा.

“अन् तुझा परवाना?” कुंदाताईंनी विचारलं.

“पेटी ऐकणार,” तो म्हणाला. “ऐकू द्या.”

पडवीतला लोखंडी कूलर बाहेर काढला गेला. त्याची मोटर नईमनं तेल सोडून फिरती केली. पण कूलरच्या तिन्ही बाजूंना भरायला लागतं ते गवत बाजारातून कधीच नाहीसं झालं होतं. तेव्हा कुंदाताई भर दुपारी डोक्याला पंचा बांधून घरोघर निघाल्या. प्रत्येक दारात त्यांना तेच सांगावं लागलं, की मी शिकवलेलं चुकलं, यंत्रावरचं गोणपाट काढा, आणि काढलेलं मला द्या. कोणी पाणी पुढे केलं, कोणी नुसतं दार पुढे केलं. समोरच्या भारसाकळे बाईंनी गोणपाट दोन बोटांत धरून दिलं.

“दोनदा गॅस भरला आम्ही अवंदा,” त्या म्हणाल्या. “तुमच्या शिकवणीची फी लय महाग पडली, ताई.”

कुंदाताईंनी मान खाली घालून गोणपाट घेतलं. त्यांना वाटलं, बाई आणखी बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला नईमनं यंत्र बंद केलं. तिकडे कूलर घरघरू लागला आणि खोलीत ओल्या गोणपाटाचा, मिठाचा, जुन्या उन्हाळ्यांचा वास भरला. शैला म्हणाली, “मावशीच्या घरी सुट्टीले आल्यासारखं वाटून राह्यलं,” आणि डोळे मिटून घेतले.

गॅस नळकांड्यात ओढून घेणं, पिण्याच्या दोन हंड्यांनी जाळी धुणं, साबणाचा फेस लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहणं. साडेआठपर्यंत तीन भोकं सापडली, पावणेनऊला चौथं. नईमनं निळ्या ज्योतीनं एकेक झाळलं. यंत्र बंद आहे, कृपया अधिकृत सेवेशी संपर्क साधा, असं पेटी दर पाच मिनिटांनी सांगत होती.

कुंदाताई खोली ते अंगण, अंगण ते खोली करत होत्या. शैलाच्या काखेत नऊला सदतीस पूर्णांक सहा. दहाला अडतीस. बाहेर बेचाळीस. त्यांनी तिच्या कपाळावर, गळ्यावर ओला रुमाल फिरवला. तिच्या गालांना विटेचा रंग चढला होता. साडेदहाला अडतीस पूर्णांक पाच. त्या बाहेर धावल्या.

नईम पंप लावून नुसता बसला होता. नळीतली हवा आणि ओल पूर्ण ओढून घेतल्याशिवाय गॅस सोडता येत नाही. त्याला तास लागतोच, असं त्यानं सांगितलं.

“अर्ध्या तासात नाही होत?”

“होते. पण मग आत ओल राहील, आणि पुढल्या वर्षी पुन्हा मी येईन, पुन्हा पावती देईन.” तो वर बघत नव्हता. “तुम्ही म्हणाल तर आत्ता सोडतो, भाभी.”

त्रेपन्न वर्षांपूर्वी एक माणूस त्यांच्या शब्दावर थांबला होता. आता त्यांना कोणाला तरी थांबवायचं होतं, आणि या वेळी ते त्यांचं स्वतःचं माणूस होतं. त्या आत गेल्या. शैलानं एक डोळा उघडला.

“अजून तासभर थांबते का?” कुंदाताईंनी विचारलं.

“मी कुठं चालली?” शैला म्हणाली.

तो तास कुंदाताईंनी कूलरच्या टाकीत बादल्या ओतत काढला. अकराला अडतीस पूर्णांक आठ, आणि मग तिथेच थांबलं. पावणेबाराला कॉम्प्रेसर सुरू झाला. कुंदाताईंनी यंत्रावर कान टेकला. सूंऽऽ नव्हता. पेटी म्हणाली, “यंत्र सुस्थितीत आहे. दुरुस्ती अंदाजपत्रकाबाहेरची आहे. नोंद पाठवली आहे.”

संध्याकाळपर्यंत शैलाचा ताप उतरला. तिनं पिठलं-भाकर मागितली.

नंतरचं सांगायचं तर, नईम मिस्त्रीचा परवाना पंधरा दिवसांत रद्द झाला, आणि त्यानं तो पुन्हा मागितला नाही. बापाच्या जुन्या शेडमध्ये त्यानं लोखंडी कूलर बनवायला सुरुवात केली. ज्यांना पेटी खरं कारण सांगत नाही, ती माणसं तिथे जाऊन बसतात आणि तो स्क्रूड्रायव्हर कानाला लावून सांगतो. कॉलनीतली एकतीस यंत्रं पुढच्या दोन वर्षांत एकेक करून दुरुस्त झाली किंवा भंगारात गेली. भारसाकळे बाईंनी नवीन घेतलं. त्यावर त्या काहीही टाकत नाहीत, चादरसुद्धा नाही.

कुंदाताईंच्या नोंदीची बातमी झाली, बऱ्याच लोकांनी आपापल्या पेट्यांच्या नोंदी मागितल्या, आणि चव्वेचाळीस साली अंदाजपत्रकात कारणाचा रकाना आला. लोकांना आनंद झाला. वर्षभरात कंपनीनं त्या रकान्यात ‘मालकाची सवय’ असं लिहून हमी नाकारायला सुरुवात केली.

शैला पंचेचाळीसच्या दिवाळीनंतर गेली. न्यूमोनियानं, असं दाखल्यावर आहे. डॉक्टर म्हणाले, छातीचे स्नायू बरेच आधीपासून थकत आले असतील. दोन-अडीच वर्षं आधी कळतं तर श्वासाचं यंत्र लावता आलं असतं. आणखी किती वर्षं मिळाली असती, ते त्यांनी सांगितलं नाही. यंत्रावर जगायला शैला तयार झाली असती का, तेही कोणी विचारलं नाही.

त्या अडीच वर्षांत दोघी पत्ते खेळल्या, भांडल्या, दोन उन्हाळे गारव्यात काढले. रोज सकाळी कुंदाताई पेटीसमोरून गेल्या आणि रोज तोंड मिटून परत आल्या. खिडकीतून शैला त्यांच्याकडे बघत असे.

कुंदाताई आता एकट्याच राहतात. त्यांनी पेटी यंत्रावरून काढून घेतली आहे आणि सुती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. तिच्यातली बॅटरी दहा वर्षं टिकते म्हणतात. सतरावा आवाज त्यात आहे; विचारलं तर ती अजूनही सांगेल.

कधी कधी दुपारी त्या कपाट उघडून बसतात. पण पेटीच्याही आधी त्यांना तार ऑफिसच्या बाकावरचा तो माणूस आठवतो, मांडीवर संत्री घेऊन भावाबद्दल हसत बोलणारा. ते दोन तास कुंदाताईंनी त्याच्याकडून हिरावून घेतले होते, की त्याला दिले होते?